पुसू का?

आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं आलेली इंजिनेरबाई आधी हसायची, मग बोलायची. कन्नड तालुक्यातली पोरगी. हसू आलं की मांडी थापटायची, शेजारी बसलेल्याची.

"मावशी, मी विकी बनवते."

"काय विकती गं?"

झालं! पायरीवरच बसली हसत. मग सांगितलं, विकायचं काही नाय. सगळ्यांनी मिळून मोबाइलात लिहायची वही. आपल्याकडच्या बोलीतल्या शब्दांची. मी दुसरी शिकलेली, वाचते अक्षर लावत. मी शब्द सांगायची, ती माझ्या नावानं टाकायची.

तिला घोर एकच, पुसायचं कोणी? सगळ्यांना पुसू दिलं तर टवाळ लोकं वही कोरी करतील, एकालाच दिलं तर तो राजा व्हईल. माझ्याकडं जेवायला बसली की मधीच उठायची अन् माझ्या गॅसमागच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढायची. हा लिहील, हा बघील, हा पुसील.

"माझं घर हाय का तुझी पाटी?"

"मावशी, कागद हरवतो. भिंत कुठं जाती?"

अशात माझाच शब्द गेला. मी सांगितला व्हता 'पुसणं', म्हंजे इचारणं. पुसायचं बटण तवा एका रिटायर गुरुजींकडं. त्यांना वाटलं, फडक्यानं पुसायचं ते पुसणं आधीच लिहिलंय, हे दुबार झालं. दिलं उडवून. खालचं माझं नावबी गेलं.

तशी मला सवय व्हती. धनी गेले तवा बायांनी माझं कुंकू पुसलं. मी आजारी पडले तवा खडीच्या कामावरल्या मुकादमानं हजेरीतलं नाव पुसलं. रडले नाय, दुसरं काम धरलं. पण ह्या बारीला बोलले, "गुरुजींनी पुसलं, पण मला पुसलं नाय."

बाईनं ताटावरून उठून, उष्ट्या हातानं मला धरून गरागरा फिरवलं. "सापडलं मावशी! पुसल्याबिगर पुसायचं नाय!"

तसंच केलं तिनं. कोणी पुसाय गेलं की शब्द नुसता झाकायचा अन् लिहिणाराला इचारायचं. माझा शब्द परत आणला अन् गुरुजींना म्हणली, "आता पुसा बरं!" माझा मोबाइल टुणकन वाजला. 'पुसू का?' मी अक्षर लावून वाचलं अन् दाबलं, 'नाय'. गुरुजींचा फोन आला, "मावशी, हरलो बुवा!" आम्ही दोघी हसून लोळलो.

पुढं तिला बेंगलोरला नोकरी लागली. निघायच्या दिवशी ओलं फडकं घेऊन भिंतीपाशी उभी.

"मावशी, पुसू का?"

मी भिंतीवर बोट दाबलं. "नाय."

ती हसली. मग बोलली नाय.