चकचकीत कुरण

बसच्या आगारातून निवृत्त झाल्यावर आणि पाठोपाठ बायको गेल्यावर क्लिफर्ड ओटलीकडे जीव लावायला उरली ती बेस. दात झिजलेली, कुणी फुकटही नेणार नाही अशी म्हातारी घोडी. कौन्सिलच्या कुरणात तो तिला भाडं भरून ठेवी.

टेकडीवर नवी घरं होणार होती. तिथली जेवढी झाडंझुडपं जातील, त्याहून जास्त निसर्ग दुसरीकडे वाढवायचा, असा कायदा. त्यासाठी कौन्सिल आपल्या दोन कुरणांपैकी एक घेणार होतं: क्लिफर्डचं, नाहीतर कालव्याकाठचं ओसाड.

"ओसाडच घेतील," पबमध्ये त्याचा दोस्त नॉरिस म्हणाला. "तू आपलं कुरण चकचकीत कर. इथे माणूस राबतोय हे कौन्सिलची पाहणीवाली येईल तिला दिसू दे."

क्लिफर्ड कामाला लागला. काटेरी झुडपं छाटली, खाजकुयलीसारखी झोंबणारी झाडं उपटली, बेडूक डराव डराव करायचे तो ओला कोपरा दगडमातीने बुजवला. कुंपणाची झाडी भिंतीसारखी सरळ कापली.

"काय रे, राजा येणार आहे वाटतं चहाला?" येणारेजाणारे विचारत. क्लिफर्ड खूश.

पाहणीला इमोजेन नावाची तरुण बाई आली. गुडघ्यांवर बसून तिने गवत चाचपलं.

"नुसतं गवतच आहे इथे."

"मग! एक तण सापडायचं नाही," क्लिफर्ड छाती काढून म्हणाला.

काही आठवड्यांनी ती पुन्हा फाटकाशी आली. "मिस्टर ओटली, हेच कुरण घेतलंय."

"हे? आणि ते कालव्याचं?"

"तिथे फुलं, बेडूक, फुलपाखरं, सगळं आहेच. आणखी वाढवणार किती? इथे काहीच नाही. जिथे काही नसतं, तिथेच वाढ सगळ्यात जास्त मोजली जाते."

"अहो, पण होतं ना! मीच काढलं सगळं, साफ दिसावं म्हणून!"

"आम्ही पाहिलं तेव्हा नव्हतं," ती म्हणाली. वाईट वाटलं असावं, पण घड्याळाकडेही पाहिलं. "घोडीला हलवावं लागेल. लिदीने माती कसदार होते, रानफुलांना ती चालत नाही."

क्लिफर्ड बेसला घेऊन आसपासचे सगळे तबेले फिरला. तिचे दात पाहिले की मालक मान हलवत. शेवटी तो नॉरिसकडे गेला. त्याच्या घरामागे जागा होती.

"माझं लॉन खराब होईल रे," नॉरिस म्हणाला. "आणि खरं सांगू? आणखी किती दिवस जगवणार तिला?"

जनावरांचा डॉक्टर सकाळी आला. क्लिफर्डने म्होरकी धरली. बेस त्याचा खिसा हुंगत होती. सुई टोचताच तिचे पाय दुमडले.

उचलून न्यायला आलेल्या ड्रायव्हरने म्होरकी सोडवली. "ठेवताय का ही?"

"चांगली आहे अजून. कुणाला तरी द्या."

"घोडे राहिलेत कुणाकडे?" ड्रायव्हर हसला आणि त्याने म्होरकी गाडीत, बेसच्या अंगावरच फेकली.