भर दुपारचा दिवा

मुलुंडला आमच्या तळमजल्यावर राहणारे काका भर दुपारीही स्कूटरचा दिवा लावूनच निघायचे. कोणीतरी हमखास ओरडायचं, "काका, लाइट चालू आहे!" मागे न बघता ते म्हणायचे, "असू दे रे, मुद्दाम लावलाय." एकदा बल्ब गेलेला असताना हवालदाराने पकडून त्यांना दंड केला होता. तेव्हापासूनचा हा हट्ट.

कॅनडाला मुलीकडे कायमचं जायचं म्हणून ते व्हिसाच्या एजंटकडे आले, तेव्हा तिथेच माझाही व्हिसाचा फॉर्म नुकताच भरून झाला होता. 'कधी शिक्षा किंवा दंड झाला आहे का?' या रकान्यापाशी एजंट म्हणाला, "नाही लिहा. एवढ्याशासाठी अर्ज अडकेल. तिथे कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!" काकांनी ठळक 'हो' लिहिलं. घरी तारेत ओवून ठेवलेली, मधोमध भोक पडलेली दंडाची पावती खिशातून काढली आणि टाचणीने फॉर्मला लावली. "अडकला तर अडकू दे. खोटं बोलून मुलीच्या दारात उभा नाही राहणार मी."

बाहेर लख्ख उन्हात ते दिवा लावून निघून गेले. मी एजंटकडे माझा फॉर्म परत मागितला. सिग्नल तोडल्याचा दंड मलाही झाला होता.