कांताबाईच्या चार खोल्या

दारव्ह्याच्या कापूस बाजारामागं कांताबाईनं भाड्यानं द्यायला चार खोल्या बांधल्या, ते साल एकसष्टचं. पाच वर्षांपूर्वी तिच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला होता. शेजारचे विठ्ठलराव हसून म्हणाले, "बाई, तुमच्या खोलीत राह्यले येईन कोण?"

तिच्या जिवाला तोच घोर होता. पण घाई तिच्या अंगात नव्हती. पावसाळा लागताच ती नवऱ्याला, देवरावला, घेऊन पाळीपाळीनं एकेका खोलीत झोपू लागली.

"मालकीण असून काहून भिजतं वं?" देवराव कुरकुरला.

"भाडेकरूच्या डोक्यावर गळायच्या आधी आपल्या डोक्यावर गळू दे."

तिसऱ्या खोलीचं छप्पर गळलं. दोघांनी कवेलू उतरवून ते पुन्हा शाकारलं.

भादव्यात झड लागली. गावातली खोली गळून बेजार झालेले नवे मास्तर बायकोसह, ओली वळकटी घेऊन दारात आले.

"बाई, गळत नाही ना?"

"तिसरी गळे, गुरुजी. मीच भिजली, मंग दुरुस्त केली. अन् आमी बौद्ध आहो, हेही आधीच सांगते."

मास्तरांनी कोरड्या भुईवरून हात फिरवला आणि तिसरीच खोली घेतली. मास्तरीणबाईंनी कांताबाईच्या हातचं पाणी मागून घेतलं.

दिवाळीला चारही खोल्यांपुढं पणत्या लागल्या. विठ्ठलराव भाच्यासाठी विचारायला आले, तेव्हा कांताबाई ताठ मानेनं म्हणाली, "पाचवी बांधून राह्यली, भाऊ. पण तिच्यात एक पावसाळा आधी आमी काढू."