झान शिफूंचा उजवा पाय

लियाओ वानछिंगचं नाक तिच्या हातांपेक्षा हुशार आहे, असं दवाखान्यात सगळे म्हणत. चीनमधल्या युआन नदीकाठच्या त्या तालुक्याच्या गावात झाडपाल्याच्या औषधांचा सरकारी दवाखाना होता आणि त्याच्या मलमपट्टीच्या खोलीत ती सव्वीस वर्षं राबत होती. मधुमेह्यांचे न भरणारे पाय तिच्याकडे येत. पट्टी सोडली की ती आधी वास घेई, मग बघे. जखम कुठल्या वळणावर आहे, हे तिला वासावरूनच उमगे.

ही विद्या झान शिफूंची; शिफू म्हणजे हाताला धरून काम शिकवणारा गुरू. वानछिंग दवाखान्यात फरशी पुसायला लागली होती. सडलेल्या पायाच्या घाणीनं तिनं तोंड फिरवलं नाही, एवढं बघून शिफूंनी तिला आत बोलावलं. तिळाच्या तेलात लाल मुळी मंद आचेवर तळायची, करपायच्या आत उतरवायची, मग मेण घालायचं. हे लाल मलम त्यांनी तिच्याकडून तीन वर्षं घोटून घेतलं.

"जखम कोरडी पडली की मांस उपाशी मरतं," ते सांगत. "सुरुवातीला ओल वाढेल. रोगी घाबरेल, तू घाबरू नकोस. दाट ओल म्हणजे जखमेचं जेवण."

शिफू निवृत्त झाले, त्यांची बायको वारली, मधुमेह त्यांनाही जडला. एके वर्षी वसंतात त्यांची मुलगी यीनिंग, शाळेतली शिक्षिका, मलमपट्टीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, बाबा मोजे काढत नाहीत. झोपतानाही नाही. घरात वास येतोय."

वानछिंग हातातलं काम दुसरीला सोपवून तशीच गेली. शिफू आंबट मिरच्या घातलेल्या शेवया खात बसले होते. तिनं काही न विचारता खाली बसून उजव्या पायातला मोजा ओढला. तळव्याला अक्रोड बसेल एवढा खड्डा पडला होता.

"कशानं झालं?"

"पाय शेकले. दवण्याच्या काढ्यात."

"पाणी किती गरम होतं?"

"मला कोमट वाटलं."

रोज शंभर जणांना 'आधी कोपर बुडवून बघा' म्हणून दटावणारा माणूस. वानछिंगनं वर पाहिलं तसे ते हसले. "कोपर बुडवायचं तर वाकायला लागतं, पोरी. गुडघे कुठं वाकतात आता."

तिनं पावलाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवली आणि बराच वेळ चाचपलं. नाडी लागेना. करंगळीचं टोक निळसर होतं.

"शिफू, शहरात जाऊ. रक्तवाहिन्या तपासून घेऊ. पाय थंडगार आहे."

"म्हातारा झालोय, सगळाच थंडगार आहे."

"चेष्टा नको. आपला रोगी असता तर तुम्हीच पाठवला असता."

"तेच तर," त्यांनी वाटी बाजूला सारली. "चाळीस वर्षं लोकांना सांगितलं, पाय कापायची घाई करू नका. आता मीच जाऊन सुरीखाली झोपू? बाजारातून कोणत्या तोंडानं जायचं मी? दहा दिवस तू कर. नाही जमलं तर तू म्हणशील तिथं येतो."

यीनिंग बापाकडे न बघता वानछिंगकडे बघत होती. "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

वानछिंगनं शिफूंच्या शब्दाबाहेर आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. "दहा दिवस बघू," ती म्हणाली.

ती रोज दवाखाना सुटला की जाई. मेलेलं मांस कातरीनं हलकेच काढी, मलम लावी. चौथ्या दिवशी ओल वाढली. शिफू खूश झाले, म्हणाले, "जेवायला लागली बघ जखम." आठव्या दिवशी पट्टी सोडली आणि वानछिंगचा हात थबकला. ओल पातळ झाली होती, भाताचं धुवण नासावं तशी. वास गोडसर, कुजका. हा वास तिनं शेकडो वेळा ओळखला होता आणि दर वेळी तासाभरात गाडी बोलावली होती.

"काय गं?" शिफूंनी विचारलं. त्यांच्या नाकाला हल्ली फारसं कळत नसे.

"काही नाही. ओल जरा जास्त आहे."

घरी जाताना तिनं स्वतःची समजूत घातली. हवा दमट आहे, पट्टी जास्त वेळ राहिली. नवव्या दिवशी तिनं दुप्पट धुतलं. दहाव्या दिवशी ठरलेली मुदत संपली. शिफूंनी "उद्याचा दिवस बघ" म्हटलं आणि तिनं मान हलवली. त्या तीन दिवसांत तिच्या नाकानं एकदाही खोटं सांगितलं नाही. ऐकलं नाही ते तिनं.

अकराव्या दिवशी सकाळी यीनिंगचा फोन आला. शिफू तापानं फणफणले होते, मेलेल्या बायकोला हाका मारत होते. पाऊल घोट्यापर्यंत काळं पडलं होतं.

"ताई, हे बरं होताना असंच होतं ना?" यीनिंगनं विचारलं. वानछिंगनं फोन ठेवला आणि गाडी बोलावली.

शहरातल्या इस्पितळात त्याच दुपारी गुडघ्याखालून पाय कापला. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर बाहेर आला.

"पट्ट्या कोण करत होतं?"

"मी."

"वास आला नाही?"

"आला होता."

"केव्हा?"

"तीन दिवस झाले."

शेजारी उभी असलेली यीनिंग एकदम तिच्याकडे वळली. डॉक्टर तरुण होता, पण ओरडला नाही. "आधी आणलं असतं तर कदाचित बोटांवर भागलं असतं. कदाचित नसतंही. खाली रक्तच पोचत नव्हतं." तेवढं बोलून तो निघून गेला, आणि तो 'कदाचित' वानछिंगच्या गळ्यात पडला.

महिन्यानं शिफू घरी आले. कापलेल्या जागेचे टाके एका बाजूनं उसवले होते. त्यांनी वानछिंगला बोलावणं धाडलं.

"इथं रक्त पोचतंय," ते म्हणाले. "डॉक्टरला विचारलंय, त्याची हरकत नाही. मलम लाव."

"माझ्याच्यानं नाही होणार, शिफू. मला शिव्या द्या, पण हे नको."

"शिव्या कुणाला देऊ? ओलीला घाबरू नकोस असं मीच शिकवलं ना तुला? बस खाली."

ती बसली. तिनं मलम पसरलं. सात आठवड्यांत जखम भरली; कोवळं, गुलाबी, निर्मळ मांस आलं. इतकं सुरेख काम तिच्या हातून क्वचितच झालं असेल. त्या सात आठवड्यांत ती एकही रात्र धड झोपली नाही. ती यायच्या वेळेला यीनिंग दार उघडं टाकून शाळेच्या वह्या घेऊन शेजारच्या घरी जाऊन बसे. टेबलावर तिच्यासाठी चहाचा पेला नसे.

शिफू पुढं दोन वर्षं जगले आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. वानछिंगला ते दवाखान्यातल्या एका बाईकडून कळलं. ती अंत्यविधीला गेली, मागच्या रांगेत उभी राहिली. यीनिंगनं आलेल्या प्रत्येकाला वाकून नमस्कार केला, तसाच तिलाही केला. ना कमी, ना जास्त.

वानछिंग अजून मलमपट्टीच्या खोलीत आहे. आता ती जरा शंका आली की शहरातल्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून देते. ती भित्री झाली, झान शिफूंचा हात तिच्यात उरला नाही, असं जुने रोगी कुरकुरतात. ती ऐकून घेते आणि चिठ्ठीखाली सही करते.