दोन नावांची सून

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण मध्य प्रदेशातल्या देवासचं हे एक अजून घशाखाली उतरत नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही.

तेव्हा मी पोलीस अधीक्षक कार्यालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम पाहत होतो. आमच्या गावात या कामाला एक टेबल आणि एक हवालदार पुरतो. एके सकाळी टपालात निनावी अर्ज आला. आपल्याच मराठी समाजातल्या एका घरातली फिलिपिन्सची सून खोट्या नावाने राहते, असं त्यात होतं. सोबत दोन झेरॉक्स. पासपोर्टवर एक नाव, लग्नाच्या दाखल्यावर भलतंच. दरवर्षी व्हिसाची मुदत वाढवताना आमची माणसं पासपोर्ट आणि नवऱ्याची सही पाहत, दाखला उघडून नावं कुणी ताडलीच नव्हती. म्हणजे चूक आमचीही होती.

त्या घरच्यांशी माझी ओळख गणेशोत्सवातली. नवरा मला काका म्हणायचा. दोघं दुबईत एकाच हॉटेलात कामाला होती, तिथेच जमलं. आता घरात त्याची म्हातारी आई आणि पाच वर्षांची मुलगी होती.

तिला जबाबासाठी बोलावलं. ती मुलीला घेऊन आली.

"साहब, नाम मैंने नहीं बदला. शादी में इन्होंने रखा."

"असली पासपोर्ट कहाँ है?"

"इनके पास. अलमारी की चाबी भी इनके पास."

मी लिहिता लिहिता थांबलो. किल्ली नवऱ्याकडे, तर झेरॉक्स काढली कुणी?

लग्न धारला झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या गुरुजींना गाठलं. वय ऐंशीच्या घरात, स्वभाव फटकळ.

"अहो, सुनेचं नाव बदलायची आपल्याकडे रीतच आहे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने नाव लिहायचं. त्यानेच लिहिलं. मी बजावलं होतं, दाखल्यावर तरी पासपोर्टातलं नाव घाल रे. तर म्हणतो, गुरुजी, आता हीच तिची ओळख!"

त्यांच्याकडे फोटोही होता. ताटावर वाकलेला नवरा, शेजारी हसणारी ती.

संध्याकाळी त्याला समोर बसवलं आणि फोटो पुढे सरकवला. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत.

"काका, अर्जात खोटं काय आहे? नावं दोन आहेतच की."

"मग निनावी का?"

"साफ बात सांगतो. मला आता तिच्यासोबत राहायचं नाही. इथे राहून सात वर्षं झाली की ती नागरिकत्वाचा अर्ज करेल. मग ती निघते कसली?"

सहा वर्षं झाली होती. म्हणजे त्याने सगळा हिशेब करूनच पत्र टाकलं होतं. संताप आला, पण संतापाला कलम नसतं.

खोट्या ओळखीच्या आरोपात तथ्य नाही, असा अहवाल मी दिला आणि स्वतःवर खूश झालो. पण महिन्याभरात तिचा व्हिसा संपला. मुदतवाढीच्या अर्जावर सही करायला नवऱ्याने साफ नकार दिला. वरून देश सोडण्याचा आदेश आला. तो बजावायला मीच गेलो. मुलगी इथली नागरिक, तिला पासपोर्ट नव्हता आणि तो काढायला बापाची संमती हवी होती. ती मिळणार नव्हती.

तिने कागद दोनदा वाचला.

"साहब, इसकी चोटी कौन बनाएगा? आजी के तो हाथ काँपते हैं."

मी म्हणालो, "यहाँ साइन कीजिए."

वकील कर, कोर्टात जा, एवढं मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. आपल्या लोकांच्या घरच्या भानगडीत कशाला पडा, असं मनात आलं. या वाक्याची मला आजही लाज वाटते. ती गेली, मुलगी राहिली.

काही आठवड्यांनी नवरा पेढे घेऊन ऑफिसात आला. "काका, तुमच्यामुळे सगळं नियमात झालं." मी डबा परत केला. पण तो म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं.

गुन्हा कसा शोधायचा ते मला खात्याने शिकवलं. गुन्हा न करता माणूस दुसऱ्याचं वाटोळं करतो तेव्हा काय करायचं, ते शिकवलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. खोडसाळ माणूस मी शोधून काढला होता. शिक्षा मात्र तिला झाली, आणि ती बजावली मी.