पंखावरचा पाय

तिसऱ्या वळणावरच्या क्रूसापाशी अंपारो थांबली, कपाळाला आणि छातीला बोटं लावली आणि पुन्हा चढू लागली. पुढे चालणारा तिचा थोरला दीर बाउदिल्यो काही थांबला नव्हता. माथ्यावरच्या उड्डाणाच्या जागेला अजून तासाभराची चढण होती. बाकीची मंडळी जीपमधून कधीच वर गेली होती आणि त्यांत अंपारोची एकोणीस वर्षांची मुलगी युरानीही होती. आज ती पहिल्यांदा पॅराग्लायडरच्या कापडी पंखाने उडणार होती. बाउदिल्यो मात्र जीपमध्ये बसत नसे. चालताना मानेला वारा कळतो, जीपमध्ये नुसती ड्रायव्हरची गाणी कळतात, असं त्याचं म्हणणं.

पोरगी तयार आहे का, एवढंच अंपारोला विचारायचं होतं. म्हणून तर दुखऱ्या गुडघ्यांनी ती निघाली होती. पण थोरल्या दिराला काही विचारायचं म्हणजे तिच्या जिवावर येई.

बाउदिल्यो मूळचा ऊसतोड्या. कुणा परदेशी पाहुण्याने टाकून दिलेला फाटका पंख शिवून तो स्वतःच शिकला आणि पुढे बावीस वर्षं काउका नदीच्या खोऱ्यात त्याने लोकांना शिकवलं. म्हणजे छळलंच म्हणा. कब्रस्तानामागच्या फुटबॉलच्या मैदानात सहा आठवडे घासल्याशिवाय तो कुणाला डोंगर दाखवत नसे. पंखाकडे तोंड करून उभं राहायचं, दोऱ्या ओढून तो डोक्यावर आणायचा, मग डोळे मिटायचे आणि कमरेला बसणाऱ्या ओढीवरून तो कुठे झुकतोय ते सांगायचं. ते जमलं, की गर्रकन वळून पंखाकडे पाठ करायची आणि धावत सुटायचं. चुकलं की वारा माणसाला शेणाचिखलातून फरफटत नेई आणि हा काठावर बसून गुळाचं पाणी पीत राही. गावच्या दंतवैद्याला तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "डॉक्टर, तुमच्यापेक्षा कसाव्याच्या कंदांचं पोतं बरं. पडलं तिथे पडून तरी राहतं."

माथ्यावर एक रीत होती. जमिनीवर पसरलेल्या पंखावर वडीलधाऱ्या माणसाने पाय ठेवला, की त्या दिवशी उडायचं नाही. वाद नाही, विनवणी नाही. बाउदिल्योने एका नवऱ्या मुलाच्या पंखावर त्याच्या सासरच्या माणसांसमोर पाय ठेवला होता. तो पोरगा लाजेने गाव सोडून गेला. बाउदिल्यो म्हणाला, पायांनी चालत गेला ना, मग झालं तर.

त्याचा धाकटा भाऊ अंसिसार म्हणजे अंपारोचा नवरा. मैदान गुरांसाठी असतं, असं म्हणत तो सरावाला फिरकत नसे. दोन वर्षांपूर्वी माथ्यावर पंखाने त्याला उचललं, ते तो चुकीच्या अंगाला वळल्यावर. दोऱ्यांना पीळ बसला, पंख हाती राहिला नाही आणि तो खालच्या खडकांवर आदळला. तेव्हापासून कमरेखाली मेलेला माणूस खाटेवर पडून होता. दर रविवारी बाउदिल्यो त्याची दाढी करायला येई. अंसिसार तोंडात कॉफी धरून ठेवी आणि भावाच्या शर्टावर थुंके. बाउदिल्यो शर्ट पुसून दुसरा गाल करायला घेई. त्या दिवशी भावजींचं लक्ष नव्हतं हो, असं अंपारो नवऱ्याला शंभरदा समजावत आली होती. रोजच्या जपमाळेत ती दोघांचंही नाव घेई.

शेवटी तिने विचारलंच, "भावजी, पोरगी तयार आहे?"

"दहातल्या आठ वेळा."

"आणि उरलेल्या दोन?"

"दोन वेळा बापासारखी वळते."

ती म्हणाली, की तेव्हा तुमचं लक्ष असतं तर हे झालंच नसतं, आज लक्ष ठेवा म्हणजे झालं.

बाउदिल्यो प्रथमच थांबला. "लक्ष होतं," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. पंखाकडे तोंड केलं, की दोन्ही खांद्यांकडून पंखाला जाणारे पट्टे समोर फुलीसारखे एकमेकांवर पडतात; अंसिसारच्या उजव्या खांद्याचा पट्टा वर होता. ज्या खांद्याचा पट्टा वर, त्याच अंगाला वळायचं असतं. अंसिसार सवयीने डावीकडे वळणार, हे बाउदिल्योला दिसत होतं. पण अंसिसार सगळ्यांसमोर म्हणाला होता, ठेव बघू पाय, म्हाताऱ्या. आणि बाउदिल्योने हाताची घडी घातली. वाटलं, गवतात आपटेल, चार लोक हसतील, मस्ती उतरेल.

अंपारो दोन पावलं चढून त्याच्या बरोबरीला आली. मग ती म्हणाली, "दोन वर्षं मी त्याचं हगणंमुतणं काढतेय."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे, तर वर चला आणि तिच्या पंखावर पाय ठेवा."

"तेच तर होत नाही." काल मैदानात युरानी त्याला सगळ्यांसमोर म्हणाली होती, काका, तुमचा पाय भित्र्यांसाठी असतो. लोक हसले होते. "माझे हात आपोआप छातीशी आले, अंपारो. बरं वाटलं मला. घडू दे म्हटलं. आजही ती बोलेल, आणि आजही मी तसाच उभा राहीन. माझ्या पायाचा भरवसा नाही."

तिला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. उतार तसा होताही. तिने देवाचं नाव घेतलं आणि हात अंगावरच्या शालीत घट्ट धरले.

तीच जणू पंख, असा बाउदिल्यो तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. वाकून, दोन्ही हात पुढे काढून, मनगटांशी फुली करून, एकावर एक पट्टा कसा पडतो ते तो तिला दाखवू लागला. डावा वर असेल तर ठीक, ती डावीकडेच वळते. उजवा वर दिसला तर ठीक नाही.

"उजवा वर दिसला, की पाय तू ठेव," तो म्हणाला. "पोरगी जन्मभर तोंड बघणार नाही तुझं, तरी ठेव. आणि माझ्याकडे बघू नकोस. मी नको म्हटलं तरी ठेव."