हात पोचेल तिथं बटण

श्रीपादकाकांचं गॅरेज रिकामं झालं ते त्यांच्या डोळ्यांमुळे. बँकेतून रिटायर होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. काचबिंदूनं डाव्या बाजूचं दिसणं कमी होत गेलं आणि एका संध्याकाळी टावर चौकात डावीकडून आलेली स्कूटी त्यांना दिसलीच नाही. कुणाला लागलं नाही. पण घरी येऊन त्यांनी गाडीची किल्ली जयूमावशीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "विकून टाकू."

जयूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. माधवनगरमध्ये मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोरच घडलं.

गाडी गेल्यावर काका नुसते बसून राहायला लागले. मग एक दिवस इंदूरहून टेम्पोत घालून एक जुनी खराद मशीन घेऊन आले. तिच्यात लाकूड अडकवायचं, ते गरगर फिरत असताना पटाशीनं कोरायचं, आणि हळूहळू त्याला गोल आकार येतो. हे काम शिकायचं त्यांच्या मनात नोकरी लागायच्या आधीपासून होतं. मावशीला ते लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं.

काकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्सटेन्शन बोर्ड ओढला आणि काम सुरू केलं. थोड्याच दिवसांत व्हायचं ते झालं. लाकूड फिरत असताना लाइट गेली. काका बटण बंद करायचं विसरले आणि मशीनवर वाकून भुसा झटकायला लागले. तेवढ्यात लाइट आली. लाकूड आपोआप फिरायला लागलं आणि खांद्यावरचा पंचा त्यात गुंडाळला गेला. त्यांनी कसंबसं अंग मागे खेचलं. मानेवर एक लांब ओरखडा उठला, पंच्याच्या चिंध्या झाल्या.

बंगलोरहून सुमीतचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. "आई, ती मशीन आजच्या आज काढून टाक."

"बघते," मावशी म्हणाली. फोन ठेवून ती पायरीवर येऊन बसली. मग मला म्हणाली, "भार्गवी, गाडी दिली तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. हीसुद्धा देऊन टाकतील, आणि तेव्हाही काही बोलणार नाहीत. मला त्याचीच भीती वाटून राहिली आहे."

दुसऱ्या दिवशी ती काकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि मशीनचं सरळ विचारलं. डॉक्टर म्हणाले, समोरचं अजून चांगलं दिसतंय. डोळे बाजूनंही झाकणारा पक्का चष्मा घाला, अंगावर सैल कपडा नको, आणि मशीन अशी बसवा की यांना बाजूला बघावंच लागू नये. मावशीनं घरी येऊन दिलीपभाईंना बोलावलं. कॉलनीतल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यांचीच.

मावशीनं आयुष्यभर शिवणाचे क्लास घेतले. गॅरेजमध्ये ती टेप आणि शिवणाचा खडू घेऊनच आली. "उभे राहा मशीनपाशी," ती काकांना म्हणाली. "आता हात पुढे करा. कोपर वाकवा."

"ब्लाऊज शिवतेस की काय माझा?"

"हलू नका. आता डोळे मिटा आणि बटण दाबल्यासारखं करा."

काकांचा हात भिंतीवर जिथं पडला तिथं तिनं खडूनं फुली मारली. तीनचारदा करून घेतलं आणि फुल्या जिथं दाटीनं पडल्या तिथं बोर्ड ठरवला.

काकांना मात्र हत्यारांना धार लावायच्या मशीनसाठी एक प्लग डाव्या भिंतीवर हवा होता, खिडकीखाली. उजेड तिकडून येतो, त्यांचं म्हणणं. स्वतःच खडू घेऊन त्यांनी तिथं चौकोन काढला. दिलीपभाई डाव्या बाजूला उभे होते. त्यांनी सहज टेस्टर पुढे केला, "बाबूजी, ये ज़रा पकड़ना."

काका समोर बघत राहिले. टेस्टर त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. दिलीपभाईंनी तो तसाच धरून ठेवला आणि मावशीकडे बघितलं. मावशीच्या हातातल्या टेपची सळसळ थांबली. त्या शांततेनंच बहुतेक काकांना कळलं. त्यांनी मान वळवली, टेस्टर घेतला, परत दिला. मग रुमालानं तो चौकोन पुसला.

"सगळं उजवीकडे घ्या," ते म्हणाले. "मशीनही फिरवून ठेवू."

त्यानंतर कामाला वेग आला. दिलीपभाईंनी सुचवलं की मशीनची लाइन वेगळी आणि दिव्यांची वेगळी ठेवू, म्हणजे मशीनमुळे फ्यूज उडाला तरी अंधार होणार नाही. साध्या बटणाऐवजी स्टार्टर घालू. लाइट जाऊन आली तरी मशीन स्वतःहून चालणार नाही, हिरवं बटण पुन्हा दाबावं लागेल. अर्थिंगचा खड्डा पेरूच्या झाडापाशी ठरला. जमिनीवर एकही वायर नको, हे मावशीचं. आणि बंद करायचं मोठं लाल बटण गुडघ्याच्या थोडं वर, हेही तिचंच.

"भाभीजी, बटन घुटने पे कौन लगवाता है?"

"जिसके दोनों हाथ लकड़ी पे हों, वो."

दिलीपभाईंनी थोडा विचार केला आणि मान डोलावली.

काम पुरं झालं त्या दिवशी मावशीनं मशीन सुरू करायला लावली आणि स्वतः मेन स्विच पाडला. लाकूड थांबलं. स्विच वर केला. दिवे लागले, लाकूड हललं नाही. तिनं पुन्हा करून बघितलं. मग काकांना मांडीनं लाल बटण दाबायला लावलं. तिचं समाधान झाल्यावर पटाशी त्यांच्या हातात दिली आणि पोळ्या करायला निघून गेली.

काकांनी पहिलं केलं ते लाटणं. एका टोकाला जाड झालेलं. मावशीच्या पोळ्या बरेच दिवस एका बाजूनं पातळ होत होत्या, पण तिनं दुसरं लाटणं वापरलं नाही. पुढे हात बसला. भैरवगढ़चे एक कापडावर छपाई करणारे त्यांच्या जुन्या लाकडी ठप्प्यांना नव्या मुठी बसवून घ्यायला आले, आणि मग येतच राहिले. काका आधी त्यांचा पंजा हातात घेऊन चाचपतात, मगच लाकूड निवडतात. नजर आणखी थोडी कमी झालीय. शेवटचा हात फिरवताना ते हल्ली डोळे मिटूनच घेतात.

मावशी दुपारी तिथंच खुर्ची टाकून बसते. परवा मी गेले तर ती मटार सोलत होती, दाण्यांत भुसा पडतो म्हणून कुरकुरत होती, आणि चहा कुणी करायचा यावरून दोघांचं चाललं होतं.

शेवटी मीच केला.